बोलायला गेलं की आई भर रस्त्यात थांबते, काय करू?

पत्र:

ताई नमस्कार, मी डोंबिवलीची, वय ४४. आई ७१ वर्षांची, तीन वर्षांपासून आमच्याकडेच असते. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. प्रॉब्लेम असा की तिच्यासोबत भाजी आणायला निघालं आणि चालता चालता काही बोललं की ती जागच्या जागी थांबते, मग "काय म्हणालीस?" आणि मागून रिक्षावाला हॉर्न मारत असतो. माझी चिडचिड होते, खरं सांगते. देवळात रोज अकरा प्रदक्षिणा घालते, तिथेही पाचव्या-सहाव्या प्रदक्षिणेला झोक जातो असं तिच्या मैत्रिणी म्हणतात. गेल्या महिन्यात चहाचा ट्रे घेऊन किचनमधून बाहेर येत होती, मिक्सर चालू होता, माझ्या मुलाने बेडरूममधून "आजी, माझा चार्जर कुठंय" असं ओरडून विचारलं, ती "काय रे?" म्हणत वळली आणि पडली. मनगट सुजलं, एक्सरे नॉर्मल आला, डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. टीव्हीचा आवाज एवढा असतो की खालच्या काकू स्वतःचा टीव्ही न लावता सिरियल फॉलो करतात, पण कानाचा विषय काढला की "मला व्यवस्थित ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." भाऊ म्हणतो डोक्याचं काहीतरी सुरू झालंय, तिला एकटीला बाहेर सोडू नकोस. मे महिन्यात त्याच्या मुलाची मुंज आहे नाशिकला, तिथे न्यावं की नाही तेही सांगा.
– एक वैतागलेली लेक

उत्तर:

अगं, तुझं पत्र वाचताना मी त्या मिक्सरवर तीनदा परत आले. घरात कोणी पडलं की लोक मला फरशी ओली होती का, चप्पल कुठली होती, लाइट होता का हे सगळं सांगतात, पण मिक्सर चालू होता हे वीस वर्षांत फार तर दोघा-तिघांनी सांगितलं असेल. तू सांगितलंस, बरं केलंस. कारण माझ्या मते त्या दिवशी आईला मिक्सर, चार्जर आणि ट्रे या तिघांनी मिळून पाडलंय, आणि एक्सरेत यातलं काहीच दिसत नाही.

मी फिजिओ आहे, दिवसभर म्हाताऱ्या माणसांना खुर्चीवरून उठवायचं, चालवायचं, परत बसवायचं हेच काम. तर कसंय, आपल्याला वाटतं उभं राहायला आणि चालायला डोकं लागत नाही, पाय आपोआप चालतात. लागतं गं. डोळे सांगत असतात आजूबाजूला काय आहे, तळपाय आणि घोटे सांगतात खालची जमीन कशी आहे, आणि कानाच्या अगदी आत तीन अर्धगोल नळ्या आणि दोन बारक्या पिशव्या असतात त्या सांगतात डोकं कुठे वळलं, कुठे कललं, लिफ्ट खाली निघाली का वर. या तिन्हीकडच्या खबरा मेंदू एकत्र करतो आणि पायांच्या स्नायूंना सारखी बारीक बारीक दुरुस्ती सांगत राहतो, तू नुसती ओट्यापाशी उभी असलीस तरी. तरुणपणी खबरा इतक्या स्वच्छ येतात की हे सगळं पडद्यामागे होऊन जातं. सत्तरीत डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात असते, तळव्यांची जाणीव थोडी कमी झालेली असते, कानातल्या त्या नळ्यांमधल्या पेशीही कमी झालेल्या असतात, मग जे काम पूर्वी आपोआप व्हायचं ते आता लक्ष देऊन करावं लागतं. आणि लक्ष म्हणजे बिल्डिंगच्या टाकीसारखं आहे, पाणी तेवढंच, खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की आपल्या नळाची धार बारीक होते.

खोटं वाटत असेल तर स्वतः करून बघ (आईला करायला लावू नकोस). ओट्याजवळ उभी राहा म्हणजे वेळ आली तर धरता येईल, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना चिकटव, रेषेवर उभं राहिल्यासारखी, आणि हात सोड. जमलं? आता तशीच उभी राहून शंभरातून सात वजा करत जा, ९३, ८६, ७९... बहुतेकांचे घोटे इथे वळवळायला लागतात, किंवा घोटे ठीक राहतात पण ७९ नंतर गाडी अडकते. दोन्हीपैकी एकाची धार बारीक होतेच.

माझं स्वतःचंच सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की हे फक्त म्हाताऱ्यांचं आहे. दोन वर्षांपूर्वी फोनवर कोणीतरी मला एक लांबलचक नंबर सांगत होतं, मागे ट्रॅफिकचा आवाज, मी "सात का साठ? सात का साठ?" करत जिना उतरतेय, आणि शेवटची पायरी आहे हे पायाला कळलंच नाही. घोटा मुरगळला. तीन आठवडे क्रेप बँडेज बांधून पेशंटना तोल सांभाळायचे व्यायाम शिकवले मी, एक आजोबा तर रोज आल्या आल्या माझ्या पायाकडे बघून हसायचे.

आता आईच्या थांबण्याबद्दल. हे थांबणं डॉक्टर लोकांना चांगलं माहितेय. १९९७ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये स्वीडनमधल्या उमेओचा एक अभ्यास छापून आला होता, छोटासाच. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या, स्वतः चालू शकणाऱ्या ५८ जणांसोबत चालता चालता सहज गप्पा सुरू केल्या आणि कोण थांबतं ते बघितलं. १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. न थांबणाऱ्या ४६ मधलेही ११ पडले, म्हणजे न थांबणारा सेफ असं नाही, पण बोलताना जो थांबतो त्याच्याकडे लक्ष द्यायलाच हवं हे त्यातून कळलं. आज कुठलाही चांगला फिजिओ पेशंटला दारापासून खुर्चीपर्यंत आणताना मुद्दाम "काय, रिक्षाने आलात का?" असं विचारतो ते काही नुसतं गोड बोलायचं म्हणून नाही.

पण यातून लोक उलटाच अर्थ काढतात आणि म्हणतात "आई, थांबू नको, चालत राहा." बाई गं, असं अजिबात करू नकोस. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर फोडतं का? थांबणं हे लक्षण आहे हे खरं, पण त्याच वेळी ती आईची अक्कलही आहे. तुझं बोलणं ऐकायचं का पाय सांभाळायचे, यात तिच्या शरीराने पायांच्या बाजूने कौल दिलाय. जे थांबत नाहीत, बोलतही राहतात आणि चालतही राहतात आणि पाय मागे पडतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते, पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, बऱ्याच पेशंटमध्ये हे दिसतं. तुझी आई थांबते हे चांगलंय. फक्त ती रिक्षासमोर थांबते हे वाईट, आणि त्याचं कारण ती नाहीये, बोलायला तिथे सुरुवात कोणी केली? (रागावू नकोस, मीही माझ्या सासूबाईंशी हेच करायचे.)

आता मुख्य गोष्ट, कान. २०१२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ४० ते ६९ वयाच्या दोन हजारांवर लोकांची आकडेवारी तपासली, त्यात ज्यांना २५ डेसिबल म्हणजे सौम्य बहिरेपण होतं त्यांच्यात गेल्या वर्षभरात पडल्याचं सांगण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट निघाली, आणि ऐकणं आणखी १० डेसिबलने कमी झालं की ती शक्यता दर वेळी १.४ पट वाढत गेली. सौम्य म्हणजे काय, तर एकास एक गप्पा नीट चालतात पण पंख्याखाली चार जण बोलायला लागले की सुटायला लागतं. तुझ्या खालच्या काकूंना सिरियल फुकटात ऐकू येतेय त्यावरून आईचं यापेक्षा पुढे गेलं असावं असा माझा अंदाज, पण अंदाजच, मोजलं पाहिजे.

ऐकू कमी येण्याचा आणि पडण्याचा काय संबंध? एक तर शेजार. ऐकण्याचा शंख आणि तोलाच्या नळ्या एकाच हाडात, एकाच पाण्यात, मेंदूकडे जाणारी नसही एकच, तर एक घर जुनं झालं की बऱ्याचदा शेजारचंही होतं. दुसरं असं की आपण आवाजाचाही टेकू घेत असतो आणि आपल्याला ते कळत नाही, डावीकडे फ्रिजची घरघर, मागे पंखा, खिडकीतून रस्ता, हे सगळं आपण कुठे उभे आहोत ते सांगत असतं. कान गेले की हे टेकू निसटतात, आणि रात्री बाथरूमला जाताना डोळेही नसतात मदतीला. अमेरिकेतच सेंट लुइसमध्ये पासष्टीच्या पुढच्या, कानाचं मशीन वापरणाऱ्या १४ जणांना फोमवर वगैरे उभं करून बघितलं होतं, २०१५ मध्ये आलं ते, तर मशीन चालू असताना ते बंद असतानापेक्षा जास्त वेळ तोल सांभाळू शकले. १४ म्हणजे अगदीच थोडी माणसं आहेत, यावरून मशीन लावलं की पडणं थांबलं असं मी म्हणणार नाही, पण दिशा कळते.

आणि तिसरं, जे मला तुझ्या आईच्या बाबतीत सगळ्यात जास्त वाटतं, ते म्हणजे ऐकण्याचे कष्ट. वयाने कान जातात तेव्हा आवाज सरसकट लहान होत नाही, आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात. स, श, च, त, फ, ख यातली जी फुंकर असते ती जाते, पण आ, ओ, ऊ हे ठणठणीत ऐकू येतात. म्हणून आई म्हणते मला ऐकू येतं आणि ती खोटं बोलत नाहीये! तिला आवाज येतो, शब्द येत नाही. तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता असंच तिला खरंच वाटतं. मग ती काय करते, तर मिळालेल्या अक्षरांवरून उरलेली भरते, पेपरातल्या शब्दकोड्यासारखी. "आजी, माझा चार्जर कुठंय" हे मिक्सरच्या आवाजातून तिच्यापर्यंत "आ-ई, -आ-आ -आ-अ-..." असं काहीतरी पोचलं असणार, आणि आपला नातू काय मागतोय हे कोडं ती गरम चहाचा ट्रे घेऊन, उंबऱ्यापाशी, मान वळवत सोडवत होती. ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसत नव्हते, हात भरलेले म्हणून चौकटीला बोट लावायची सोय नव्हती. तू किंवा मी असतो तरी चहा सांडलाच असता.

बोटावरून आठवलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. भिंतीला नुसतं एक बोट टेकवलं, भार अजिबात न देता, शंभर ग्रॅमपेक्षा कमी दाबाने, तरी शरीराचं डुलणं लक्षात येण्याएवढं कमी होतं, १९९४ च्या एका प्रयोगात हे नीट मोजून दाखवलंय. बोट आधार देत नाही, खबर देतं. म्हणून म्हातारी माणसं घरात फर्निचरला हात लावत लावत चालतात त्यांना "कशाला धरतेस, काही होत नाही" असं म्हणू नये. त्यांचा एक हात कायम मोकळा पाहिजे. चहाचा ट्रे आजपासून तुझ्या मुलाने न्यायचा, चार्जर शोधण्यापेक्षा सोपं काम आहे ते.

भावाचं काय सांगू. तो घाबरलाय, चिडू नकोस त्याच्यावर. नुसतं चालताना बोललं की थांबते यावरून कोणी विसरभोळेपणाच्या आजाराचं निदान करत नाही. पण तो अगदीच हवेत बोलतोय असंही नाही, कारण ज्याकडे लक्ष देऊन डिमेन्शियाचा धोका कमी करता येतो अशा गोष्टींच्या यादीत तज्ज्ञ ऐकू कमी येणं बऱ्यापैकी वर धरतात. म्हणजे भावाच्या काळजीचं उत्तरही कानाच्या तपासणीतूनच सुरू होतं. आई ओळखीच्या रस्त्यावर चुकते का, रोजच्या भाजीत मीठ दोनदा पडतं का, पैशाचा हिशोब जमेनासा झालाय का? असं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. पण तिला घरात कोंडून ठेवणं हा यावरचा उपाय नाहीये, कोंडलेल्या माणसाचे पाय चार महिन्यांत असे बारीक होतात की मग ती किचनमध्येही पडेल, ते मी इतक्या वेळा बघितलंय की त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

आता प्रदक्षिणा. हा तुझ्या पत्रातला माझा आवडता भाग.

माझ्याकडे एक रिटायर्ड गुरुजी यायचे, गुडघ्यासाठी. आमच्याकडे एक साधी टेस्ट असते, खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, घड्याळ लावून. साधारण १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आम्ही सावध होतो. मग तेच परत करायला लावतो पण सोबत डोक्याला काम देऊन, आणि दोन्हीत किती फरक पडला ते बघतो. गुरुजींना मी म्हटलं पाढे म्हणत चाला. गुरुजींनी औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा) म्हणायला सुरुवात केली, घडाघडा, एका सेकंदाचाही फरक नाही, वर मलाच विचारतात तुम्हाला येते का. मी चाट. मग लक्षात आलं, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी घोकलेली औटकी, तिला डोकं लागतच नाहीये, ती पायांसारखीच आपोआप चाललीय. मग मी म्हटलं गुरुजी, आता शंभरापासून तीन तीन कमी करत या. "शंभर, सत्त्याण्णव..." आणि वळणावर गुरुजी स्टॅच्यू.

तर तोंडपाठ गोष्टीचा भार पडत नाही, जुळवाजुळवीचा पडतो. उलट हलकं, ठेक्यातलं काहीतरी तोंडात असलं तर चाल सुधारतेही, पार्किन्सन्सच्या पेशंटना आम्ही ठेका लावून चालवतो ते त्याचसाठी. म्हणून आईचा जप चालू राहू दे, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते मोजण्यामुळे. तू एकदा देवळात बसून बघ ती काय काय करते: अनवाणी, गुळगुळीत फरशी, सारखं एकाच बाजूला वळत राहायचं (वळणं हे सरळ चालण्यापेक्षा अवघड असतं), हात जोडलेले म्हणजे भिंत नाही, दर फेरीला गाभाऱ्यासमोर मान वळवून नमस्कार, कोणीतरी घंटा वाजवतंय, तेवढ्यात मैत्रीण विचारते "काय गं, पोळीवाली आली का?" आणि या सगळ्यात पाचवी झाली का सहावी हे डोक्यात धरून ठेवायचं. पाचव्या-सहाव्याला झोक जातो कारण तिथेच आकडा निसटतो.

उपाय जुनाच आहे. कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर अकरा चिंचोके ठेवायचे, खाली पायरीवर नको, वाकणं नको. दर फेरीला तिथे थांबायचं, एक चिंचोका इकडून तिकडे सरकवायचा, कट्ट्याला हात टेकलेला असताना देवाला नमस्कार करायचा, मग पुढची फेरी. हिशोब चिंचोक्यांकडे गेला की टाकीत पाणी राहतं. आणि मैत्रिणींना सांग गप्पा प्रदक्षिणा झाल्यावर, त्या ऐकतील, झोक जातो हे त्यांनीच सांगितलंय ना.

रस्त्यावर काय करायचं तेही साधं आहे पण तुझ्यासाठी अवघड जाणार, कारण आपल्याला चालता चालताच सगळं बोलायची सवय. क्रॉसिंगला या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत एक अक्षर नाही. काही सांगायचंच असेल तर आधी तू कडेला थांब, तिच्या समोर ये, तिला तुझा चेहरा दिसू दे, कारण ती ओठांवरूनही अर्धं कोडं सोडवते, आणि मग बोल, हळू आणि नेहमीच्या आवाजात. ओरडू नकोस, ओरडल्याने आ-ओ मोठे होतात, स-त-फ तेवढेच राहतात. आणि तिचा मोबाइल, तो वाजला की ती धडपडत पर्समध्ये शोधत असणार. आधी थांबायचं, कडेला व्हायचं, मग बघायचं कोण आहे, मिस्ड कॉल झाला तर झाला. घरातही दाराची बेल वाजली की धावायचं नाही.

"आई सांभाळून! पायाकडे बघ!" हेही बंद. एक तर ते बोलणंच आहे, आणि दुसरं म्हणजे सपाट जागेवर स्वतःच्या पायाकडे फार लक्ष दिलं की चाल उलट आखडते, चार पावलं पुढच्या एखाद्या खुणेकडे बघितलं तर बरी राहते. खड्डा असेल तर बोलण्यापेक्षा दंडाला हात लाव, तिला कळेल.

डॉक्टरांकडे जाताना फक्त मनगट घेऊन जाऊ नका. मोजून सांगते काय काय विचारायचं: बीपी झोपून आणि लगेच उभं राहून, दोन्ही मोजायला सांगा, कारण उभं राहिल्यावर ते खाली जात असेल तर गोळीचा डोस बघावा लागतो. बी-१२, शाकाहारी असाल तर नक्कीच, ते कमी असेल तर तळव्यांची खबर बंद पडत जाते. शुगर. डोळे, आणि चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर जिन्यावर खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते हे तिला माहीत आहे का ते विचार. झोपेची किंवा सर्दी-खाजेची एखादी गोळी ती गुपचूप घेते का तेही, आमच्या आया घेतात. आणि फिजिओकडे सहा-आठ आठवडे तोलाचे आणि पायाच्या ताकदीचे व्यायाम, आधी नुसते आणि मग बोलत, आठवत, मोजत, कारण ही दुहेरी कामाची प्रॅक्टिस करून सुधारते, पण ती जवळ माणूस उभं असताना करायची, भाजी मार्केटमध्ये नाही.

एका कानाला अचानक, म्हणजे एका दिवसात ऐकू येईनासं झालं, किंवा गरगरून उलट्या, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा वाटणं, डोळ्यापुढे अंधारी येऊन पडणं, यातलं काही झालं तर हा लेख वगैरे बाजूला ठेव आणि त्याच दिवशी हॉस्पिटल.

कानाला तिला कसं न्यायचं? "तुला ऐकू येत नाही" असं म्हणून तर ती येणार नाही, मीही आले नसते. "आई, पडू नये म्हणून तोलाची तपासणी करायचीय, त्यात कानही बघतात" असं सांग, ते खरंच आहे. ईएनटीकडे आधी मळ बघतील, कधी कधी निम्मा प्रॉब्लेम तिथेच निघतो. मग बंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओमेट्री, अर्ध्या तासाचं काम, दुखत नाही. रिपोर्टचा ग्राफ तिला दाखवायला सांगा, उजवीकडे खाली घसरलेली रेघ बघून बरेच जण पहिल्यांदा मान्य करतात की तोंडातल्या तोंडात बोलणारे आपले घरचे नाहीत. वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा-श्रवणाची मोठी संस्था आहे, डोंबिवलीहून लांब पडतं पण एकदा जाण्यासारखं आहे, आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर सरकारी योजनेतून मशीन कमी पैशात किंवा फुकट मिळतं का तेही तिथे विचारता येईल.

मशीन मिळालं तर पहिल्याच दिवशी ते लावून स्टेशनला नेऊ नकोस. पहिले काही दिवस घरात, शांत खोलीत, एकेका माणसाशी बोलताना. भांड्यांचा आवाज, फ्लशचा आवाज, पेपरची घडी, सगळं अंगावर येतं सुरुवातीला आणि लोक वैतागून मशीन कपाटात टाकतात, फराळाच्या डब्याशेजारी. दोन-तीन वेळा ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन आवाज सेट करून घ्यावा लागतो हे आधीच गृहीत धर. आणि ऑनलाइन मिळणारं ते सगळंच मोठं करणारं स्वस्त मशीन घेऊ नकोस, त्यात मिक्सरही मोठा होतो.

राहिली मुंज. न्यायचं! नातवाची मुंज आहे, आजी नाही तर भिक्षावळीला मजा काय. फक्त कार्यालय कसं असतं ते आठव: दारातच सनई, आत माइकवर भटजी, पोरं पायात, पंगतीच्या बाजूला पाणी सांडलेलं, नवी साडी, नवी चप्पल, आणि दर दहा पावलांवर कोणीतरी येऊन "आत्या, ओळखलंत का मला?" हा प्रश्न म्हणजे तर शंभरातून सात वजा करण्यापेक्षा भयंकर आहे. आदल्या दिवशीच पोचा, जागा तिला रिकामी असताना फिरून दाखव, बाथरूम कुठे, पायऱ्या किती. चप्पल रोजचीच. स्पीकरपासून लांब, भिंतीला लागून, हाताची खुर्ची आणि शेजारी एक भाचवंड ड्युटीवर, शिफ्टमध्ये वाटून घ्या. हातात ताट, तांब्या, अहेराच्या पिशव्या काही द्यायचं नाही, अक्षता तेवढ्या द्या, एका हातात मावतात. आणि कोणी "ओळखलंत का" करत आलंच तर त्या भाचवंडाने आधी आजीला खुर्चीत बसवायचं, मग पाहुण्याचं नाव तिच्या समोर येऊन सांगायचं.